क्रीमच्या हद्दीबाहेर

"खरं सांगा हं सिस्टर, केल्यासारखं दिसतंय का?"

शैलजाताई आरवाडेंनी आरसा एकदा जवळ नेला, एकदा हात लांब करून धरला. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरणाऱ्या त्यांच्या दोन रेषा इंजेक्शननं पाऊण तासात भरून निघाल्या होत्या. बँकेत कर्जाच्या टेबलावर बसणारी बाई. त्या रेषांना त्या "माझे कंस" म्हणायच्या. आज गुरुवार होता आणि रविवारी त्यांच्या सुरभीचं लग्न.

"छे हो. चांगली आठ तास झोप काढून उठल्यासारख्या दिसताय," मी म्हटलं. हे वाक्य मला क्लिनिकनं शिकवलं होतं.

"घरी कुणाला पत्ता नाही. टेलरकडं जाते सांगून आलेय. आमच्या ह्यांना कळलं ना, तर मांडवात माईकवरून सांगतील."

मी हसले आणि बर्फाची पिशवी त्यांच्या डाव्या गालाला लावली.

इनामदार मॅडम बेसिनपाशी हात धूत होत्या. खाली गाडी उभी होती. पुण्याला दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं भाषण होतं, महाराष्ट्रभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांपुढं. ड्रायव्हरचा तिसरा फोन येऊन गेला होता. "हेमा, अर्धा तास बर्फ, सूचना नीट समजावून सांग, मग सोड. जास्मिन, साडेसहाला कुलूप." दारात थांबून त्या म्हणाल्या, "आणि हेमा, तुझ्या पत्राचं सोमवारी आल्यावर बघू."

"हो मॅडम."

ते पत्र टाइप होऊन पंधरा दिवस त्यांच्या ड्रॉवरमध्ये पडलं होतं.

मी तेव्हा अडतीस वर्षांची होते. त्याआधीची चौदा वर्षं मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात, जळीत वॉर्डात, कंत्राटावर. कंत्राट संपलं आणि मी सांगलीत विश्रामबागेत ह्या क्लिनिकमध्ये आले, तेव्हा वॉर्डातल्या मैत्रिणी म्हणाल्या, "जा बाई, आता गोऱ्यांना आणखी गोरं कर." त्यांना वाटलं आराम आहे. आराम कसला! नर्सिंगचं शिक्षण होतं, पण इथलं सगळं नवीन. मॅडमची इंग्रजी पुस्तकं मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायची. चेहऱ्यातल्या रक्तवाहिन्या घरी मोसंब्यावर बॉलपेननं काढायची. नवरा विचारायचा, "हे खायचंय, का ह्याला सलाईन लावायचंय?"

मुंबईत सहा महिन्यांचा एक कोर्स होता, रजिस्ट्रेशन असलेल्या नर्सांसाठी. तो झाला की पील, म्हणजे औषधानं वरची कातडी सोलणं, आणि लेझर स्वतःच्या हातानं करता येणार होतं. इंजेक्शनची सुई डॉक्टरांचीच राहणार, पण बाकी माणूस आपल्या हाताखाली. नाहीतर मी जन्मभर बर्फ धरणारी बाई. अर्जाला मॅडमचं शिफारसपत्र लागायचं, आणि त्यावर सही होत नव्हती ती माझ्याच तोंडामुळं.

झालं होतं असं की, महिन्यापूर्वी एका प्राध्यापिकेचा पील चालू असताना तिचा गाल लाल झाला आणि मी ओरडले, "मॅडम, भाजलंय!" चौदा वर्षांची सवय. बाई अर्धवट पील घेऊन खुर्चीतून उठल्या त्या थेट पायऱ्यांवर. गालाला काहीही झालं नव्हतं. मॅडमनी मला आत बोलावून शांतपणे सांगितलं, "इथं कुणी भाजत नाही, हेमा. इथं थोडी लाली येते. इथं दुखत नाही, मुंगी चावल्यासारखं होतं. पुन्हा असं झालं तर मला तुला ठेवता येणार नाही." तेव्हापासून मी जिभेला आवर घातला होता. इतका, की जास्मिन म्हणायची, "हेमाताई, तुम्ही आता श्वास तरी परवानगी घेऊन घेता काय?"

जास्मिन मुजावर, क्लिनिकची ब्यूटिशियन, चोवीस वर्षांची. तिच्या भिंतीवर तीन सर्टिफिकिटं होती आणि हाताला माझ्यापेक्षा हलकेपणा होता.

साडेतीनला शैलजाताई रिक्षात बसून गेल्या. साडेचारच्या सुमाराला मी ट्रे आवरायला घेतला. त्यात भूल देणाऱ्या क्रीमवर लावलेल्या प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या पडल्या होत्या. मीच कापलेल्या. क्रीम पुसलं जाऊ नये म्हणून ती पट्टी वरून लावतात. मी त्या उचलल्या आणि हातात धरून उभी राहिले.

"काय झालं?" जास्मिननं विचारलं.

"त्यांच्या डाव्या बाजूला पांढरं पडलं होतं. बघितलंस तू?"

"क्रीमचं असतंय ते, ताई. क्रीमनं कातडी पांढरी पडते, शाळेतल्या पोरालाही माहीत असेल." ती बाटल्या पुसत राहिली. "वर तुम्ही बर्फ लावला. बर्फानं आणखी पांढरं."

"क्रीम कुठवर लावलं होतं?"

"जिथं लावतात तिथं."

मी पट्टी माझ्याच गालाला लावून तिच्यासमोर उभी राहिले. "हे बघ. मी नाकपुडीच्या खाली एक बोट जागा सोडून कापते. नाकात प्लॅस्टिक गेलं तर पेशंटला शिंक येते म्हणून. क्रीम इथवर होतं. आणि पांढरं कुठं होतं? नाकपुडीवर. जिथं क्रीमच नव्हतं."

जास्मिनचं फडकं थांबलं.

भरायचं औषध चुकून रक्तवाहिनीत गेलं, किंवा बाहेरून तिच्यावर दाबून बसलं, की पुढचा रस्ता बंद होतो. मोसंब्यावर मी ती वाहिनी शंभर वेळा काढली होती: ओठाच्या कोपऱ्यापासून वर, नाकाच्या कडेनं. ती तुंबली तर नाकपुडी उपाशी मरते. आधी पांढरी, मग जांभळी जाळी, मग काळी. वेळेत विरघळवलं तर काही होत नाही. नाही विरघळवलं तर नाकाचा तुकडा जातो. मी वॉर्डात काळी पडलेली नाकं पाहिली होती.

"दुखलं असतं की त्यांना," जास्मिन म्हणाली.

"दुखेल कसं? त्या औषधातच भूल मिसळलेली असते."

मी मॅडमना फोन लावला. "संपर्क क्षेत्राबाहेर." पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई, तोच गोड आवाज.

"आता तुम्ही शैलजाताईंना फोन करणार," जास्मिन म्हणाली. "आणि त्या घाबरणार. आणि काही नसलं म्हणजे? ताई, तुमचं पत्र आहे हो ड्रॉवरमध्ये."

"माहीत आहे मला कुठं आहे ते."

फोन उचलला गेला तेव्हा मागं बायकांचा कल्ला चालला होता. आमच्याकडं विचारायचे पाच प्रश्न एका कागदावर लिहिलेले होते, तेच मी वाचले. दुखतंय का? नाही. सूज? थोडी. ताप? नाही. चौथा प्रश्न मी सोडला आणि विचारलं, "नाकाचा रंग कसा आहे?"

"सर्दी झाल्यासारखं वाटतंय मावशींना," शैलजाताई कुजबुजल्या. "म्हणाल्या, नाक निळसर दिसतंय तुझं. मी म्हटलं, एसीत बसले होते. सिस्टर, बांगड्या भरायला कासार आलाय, घर भरलंय नुसतं, मी उद्या..."

फोन बंद झाला. मी फ्रिज उघडला. दारातल्या कप्प्यात, जास्मिनच्या दह्याच्या डब्यामागं, भरलेलं विरघळवणाऱ्या तातडीच्या औषधाचा लाल झाकणाचा डबा होता. तो आहे एवढं बघितलं, केसपेपरवरचा पत्ता घेतला आणि पर्स उचलली.

"मॅडमना लावत राहा. लागला की मला जोड."

शंभर फुटी रस्त्यावरच्या गर्दीतून रिक्षा जाईना. मी मांडीवर स्वतःचं नख दाबत होते, सोडत होते. गुलाबी, पांढरं, गुलाबी. देवा, काहीच नसू दे, म्हणत होते. आणि लगेच, काहीच नसलं तर पत्र गेलं, हेही मनात येत होतं. दोन्ही एकाच वेळी मागता येत नव्हतं.

आरवाड्यांच्या हॉलमध्ये सतरंजीवर पंधरा-वीस बायका बसल्या होत्या. मध्ये कासारकाका, पुढं हिरव्या चुड्याचे मोळे. दारातून बाई आत आली की तिचा हात धरायचा, हेच त्यांचं काम. मी चप्पल काढली नाही तोवर माझं मनगट त्यांच्या मुठीत.

"बसा ताई. हात मोकळे ठेवून फिरताय लग्नघरात?"

"नको हो काका, घाई आहे."

"कासाराला नको म्हणत नाहीत." त्यांनी माझा पंजा चेपून बारीक केला. "हात कडक आहे. काय काम करता?"

चौदा वर्षं वॉर्डात काचेची बांगडी हातात घातली नव्हती. जखमेत काच जाते. मी तोंड उघडलं, तेवढ्यात समोरून शैलजाताई आल्या. मला बघून त्यांचा चेहरा उतरला. उतरला तो एकाच बाजूनं, कारण सुजलेली डावी बाजू हलत नव्हती.

"ह्या कोण गं?" सोफ्यावरच्या मावशींनी विचारलं.

"ब्लाउज," मी म्हणाले. "टेलरकडून आलेय. ताईंच्या ब्लाउजचं माप परत घ्यायचंय. बाही चुकली."

"लग्न तीन दिवसांवर आणि बाही चुकली?" मावशी कडाडल्या. "कुठला हा टेलर?"

कासारकाकांनी तेवढ्यात चार बांगड्या चढवल्या होत्या. मी हात सोडवला आणि शैलजाताईंना त्यांच्याच बेडरूममध्ये ढकललं. दार लावलं. त्यांना खिडकीत उभं केलं.

डावी नाकपुडी शिळ्या दुधासारखी दिसत होती. गालावर नाकाच्या कडेनं जांभळट जाळी उमटायला लागली होती. मी उजव्या बाजूला बोट दाबलं, सोडलं. रंग लगेच परत आला. डाव्या बाजूला दाबलं, सोडलं. एक. दोन. तीन. चार. पाच. बोटाचा ठसा तसाच.

"काय मोजताय?" त्या म्हणाल्या.

वॉर्डात मी हे बेशुद्ध माणसांवर करायची. बेशुद्ध माणूस विचारत नाही.

"ताई, रक्त पोचत नाहीये. आत्ता माझ्याबरोबर चला. जे भरलंय ते विरघळवायला लागेल."

"म्हणजे माझे कंस परत?"

"एका बाजूचा तरी."

"आणि नाही आले तर?"

क्लिनिकमध्ये ह्या प्रश्नाला काय म्हणायचं, हेही शिकवलं होतं. थोडी लाली राहू शकते, असं काहीतरी. मी म्हणाले, "नाकपुडी जाईल."

त्या पलंगावर बसल्या. बाहेरून सुरभीचा आवाज आला, "आई, तुझा चुडा राहिलाय!" शैलजाताईंनी पदर नाकावर ओढला, उठल्या, दार उघडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "टेलरनं घोळ घातलाय. तासाभरात येते. जेवायला थांबू नका." तिथून रिक्षापर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही. वाटेत कासारकाकांनी चढवलेल्या बांगड्यांतली एक फुटली.

आम्ही क्लिनिकची पायरी चढत होतो, तेव्हा जास्मिन फोन कानाला लावून धावत खाली आली. "मॅडम आहेत, कऱ्हाडच्या पुढं."

मी सांगायला लागले. मॅडमनी मध्येच तोडलं. "व्हिडिओ लाव." लावला. चित्र हललं, थिजलं, त्यात शैलजाताईंच्या नाकाऐवजी नुसते राखाडी चौकोन. 

"मला काही दिसत नाहीये, हेमा. दाबून बघितलंस?"

"डावीकडं पाच सेकंदांनंतरही नाही. उजवीकडं लगेच. जाळी पडलीय गालावर."

"क्रीमचं असेल. बर्फाचं असेल."

"क्रीम नाकपुडीवर नव्हतं मॅडम. पट्टी मी कापलीय."

मॅडम ड्रायव्हरला म्हणाल्या, "गाडी वळव." आणि मला, "मी यायला दीड तास तरी लागेल. तेवढा थांबायचा नाही. तू द्यायचंस. मी सांगते तसं. ऐक, तुझं चुकत असेल तर चांगलं भरलेलं विरघळून जाईल, आणि लग्नात त्यांचा चेहरा वाकडा दिसेल. तुझी खात्री आहे?"

खुर्चीत शैलजाताई डोळे मिटून पडल्या होत्या. जास्मिन माझ्याकडं बघत होती. मला खात्री होती का? एवढंच कळत होतं की ओरडून झालेल्या चुकीपेक्षा गप्प बसून होणारी चूक मोठी आहे.

"आहे," मी म्हणाले.

"त्यांना विचार, मधमाशी चावून कधी अंगभर सूज आली होती का. तसं असेल तर हे औषधही सोसत नाही."

"काय विचारताय हे?" शैलजाताई डोळे न उघडता म्हणाल्या. "माहेरी पोळं होतं दारात. कितीदा चावलीय. काही होत नाही."

जास्मिननं पावडरच्या बाटलीत सलाईन सोडलं, हलवलं, सिरिंज भरून माझ्या हातात दिली. तिचा हात हलका होता, पण तो मागं सरकला. माझा जड होता, म्हणून असेल, पुढं गेला. मॅडम एकेक जागा सांगत गेल्या आणि मी सुई घालत गेले, ओठाच्या कोपऱ्यापासून वर, नाकाच्या कडेनं. मोसंब्यापेक्षा चेहऱ्याची कातडी किती मऊ असते, हे मला तेव्हा कळलं. मग बर्फाऐवजी गरम पाण्याचा शेक. मग बोटांनी चोळणं.

वीस मिनिटं झाली. दाबलं. पाच. "पुन्हा दे," मॅडम म्हणाल्या. पुन्हा दिलं.

"सिस्टर," शैलजाताई म्हणाल्या, "बोलत राहा हो काहीतरी. तुम्ही गप्प झालात की मला भीती वाटते."

मग मी बोलत राहिले. कासारकाकांनी माझा हात कसा चेपला, मावशींना टेलरचा पत्ता कसा हवा होता. त्या एकाच बाजूनं हसल्या. जास्मिन म्हणाली, "मावशी टेलरचं दुकान जाळतील उद्या." मी दाबलं. चार. पुन्हा शेक. तीन.

पावणेसातला मी बोट उचललं आणि मोजायला तोंड उघडलं, तर मोजायला काही उरलंच नव्हतं. रंग बोटाच्या मागोमाग आला होता.

जास्मिन बाथरूममध्ये जाऊन रडली. मी रडले नाही. मला बसायला जागा सापडत नव्हती, एवढंच.

मॅडम सव्वासातला पोचल्या. पर्स न ठेवताच त्यांनी शैलजाताईंचं नाक दाबून बघितलं, तीनदा, चारदा. मग त्यांना नवऱ्याला फोन करायला लावला. त्या म्हणाल्या, "टेलरकडंच आहे हो अजून." डाव्या बाजूची रेष परत आली होती, उजवी भरलेली होती. आरशात बघून शैलजाताई म्हणाल्या, "एक कंस उघडा राहिला," आणि मॅडमनी दुसरीही विरघळवून देऊ का विचारलं, तर म्हणाल्या, "राहू दे. फोटोत उजवीकडून उभी राहीन."

त्या गेल्यावर मॅडमनी केसपेपर पुढं ओढला. घडलेल्या गोष्टीची वेळेसकट नोंद करायची असते. जास्मिननं सुरुवात केलीच होती: 'लक्षात आले – ४.४०'. पट्टी हातात घेऊन मी उभी राहिले ती वेळ. ते खोटं नव्हतं.

"बरोबर आहे का वेळ?" मॅडमनी विचारलं.

पत्राचा ड्रॉवर त्यांच्या गुडघ्याशी होता. मी पेन घेतलं, ४.४० वर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'लक्षात आले – २.५०. सिस्टर हेमलता खरात.'

जास्मिन मागून वाचत होती. "ताई?"

"सुई आत असतानाच दिसलं होतं," मी म्हणाले. "गालावरून नाकाकडं एक पांढरा पट्टा सरकत गेला. मी बोलणार होते. मग वाटलं, पुन्हा ओरडले तर... म्हणून आधी बर्फ लावला. त्याच बाजूला. मला दिसू नये म्हणून."

दोन तास एका बाईचं नाक माझ्या पत्राखाली दाबून ठेवलं होतं मी. हे वाक्य मी तेव्हा बोलले नाही. पुढं ह्या कामातल्या नव्या मुलींना शिकवायला लागले तेव्हाही नाही.

मॅडमनी कागद वाचला. चष्मा काढला, पुसला, घातला.

"ह्या बॅचला मी तुला पाठवणार नाही, हेमा."

"बरं मॅडम."

"डिसेंबरची बॅच बघू."

"बरं."

"आणि सकाळी आठला ये. त्यांना परत बोलावलंय तपासायला."

मी पर्स घेतली. जास्मिन दिवे घालवायला गेली. मॅडमनी केसपेपर फाइलमध्ये घालायला उचलला, परत टेबलावर ठेवला, आणि माझ्या ओळीच्या वर, खोडलेल्या ४.४०च्या वरच्या मोकळ्या जागेत, काहीतरी लिहून सही केली. फाइल माझ्याकडंच दिली कपाटात ठेवायला. मी वाचावं म्हणूनच दिली असणार.

'लक्षात आले – २.४९. डॉ. स्वरूपा इनामदार.'

त्या स्वतःला कुठल्या बॅचला पाठवणार होत्या, ते मी विचारलं नाही.